बडोद्यात बावीसाव्या वर्षी भरतनाट्यम् सुरू केलं, त्याची गोष्ट (नवीन लोकांसाठी)

बऱ्याच मुली आणि दोन-तीन मुलगे पण मला विचारतात की ताई आता वय झालं का, आता सुरू केलं तर जमेल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी बीकॉम झाल्यावर, नोकरीला लागून सहा महिने झाल्यावर सुरू केलं. क्लासमध्ये माझ्या शेजारी आठ वर्षांची पोरगी उभी असायची आणि ती माझ्यापेक्षा छान बसायची. बसायची म्हणजे अरमंडीत, गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसायचं ते. तर लाज वगैरे पहिल्या पंधरा दिवसांत संपते, तिची काळजी नको.

खरा प्रॉब्लेम वय नसतो, गरबा असतो! हसू नका. आपण बडोद्यातले, लहानपणापासून दोन ताळी, तीन ताळी, हींच अंगात मुरलेलं, टाळी वाजवली की कंबर आणि खांदे आपोआप झुलतात. भरतनाट्यममध्ये अडवू (नाचाच्या मूळ स्टेप्स) करताना खाली पाय धडाधड चालू असतात आणि वरचं अंग मात्र खांबासारखं स्थिर पाहिजे. मला टीचर पहिले चार महिने एकच वाक्य ऐकवायच्या, "झुलू नकोस ग, ही नवरात्र नाहीये." कथकवाल्या मैत्रिणीला हा त्रास कमी, त्यांच्यात गुडघे सरळ, उभं राहून तत्कार म्हणजे पायांचे ठेके, तिथे वेगळ्या कटकटी, चक्कर घेताना डोळे गरगरतात वगैरे. म्हणून कुठलं नृत्य शिकायचं हे ठरवताना यूट्यूबवरचे दागिने आणि साडी बघू नका, दोन्ही क्लासला जाऊन एक एक तास कोपऱ्यात बसून बघा की मुलांना शरीराने काय करायला लावतात, आणि ते रोज एक तास करायला आपल्याला आवडेल का.

पहिल्या वर्षी "डान्स" येत नाही. हे कोणी आधी सांगत नाही. पहिलं वर्ष म्हणजे तट्टडवू नावाचे अडवू, "तै या तै", मग नाट्टडवू, "तै युम् तत् तत्", तेच परत पहिल्या काळात, मग दुप्पट, मग चौपट. टीचर लाकडी काठीने लाकडाच्या ठोकळ्यावर ताल देतात आणि तुम्ही घामाघूम. मला वाटायचं मी पायाने मागे पडते, पण खरं तर मी कानाने मागे पडत होते. मग मी आदितालाचे आठ मोजणं घरी-दारी सुरू केलं, एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, परत टाळी आणि हात उलटा, टाळी आणि उलटा. सूरसागर तलावाच्या सिग्नलला स्कूटरवर बसून मांडीवर ताल धरायचे, मागचा हॉर्न वाजवायचा तेव्हा कळायचं सिग्नल सुटला. पण तीन महिन्यांत फरक पडला. नवीन असाल तर पाय नंतर, आधी हात मांडीवर.

गुडघ्यांचं नीट वाचा. मी आधी एका ठिकाणी शिकायचे (नाव सांगत नाही), तिथे "गुडघे अजून बाहेर, अजून बाहेर" एवढंच ओरडायचे, फरशी ग्रॅनाइटची, वॉर्मअप शून्य. सात महिन्यांत उजवा गुडघा सुजला आणि जिने उतरता येईना. फिजिओकडे गेले तेव्हा समजलं की पाय बाहेर वळतो तो खुब्याच्या सांध्यातून, गुडघा बिचारा मुळात बिजागरीसारखा पुढे-मागे वाकणारा, मांडी वळली नाही आणि नुसता पाऊल वळवला की पीळ सगळा गुडघ्यात येतो. गंमत म्हणजे बॅलेवाल्यांची पण हीच रड आहे, ते टर्नआउट म्हणतात, त्यांनाही खुब्यातूनच वळायला शिकवतात. दोन टोकांच्या दोन देशांतले नाच, पण सांधे तेच ना शेवटी. तर जेवढं मांडीतून वळतं तेवढंच वळा, बाकी हळूहळू उघडतं.

बॅलेवरून आठवलं. त्यांचे शब्द जगभर फ्रेंचच राहिले, मॉस्कोत शिका की मुंबईत शिका, प्लिए (गुडघे वाकवणं) ते प्लिएच. तसंच आपल्याकडे अडवू, तट्टुकळी (ताल द्यायचा ठोकळा-काठी), शलंगै (घुंगरू) हे तमिळ शब्द आहेत, ते घाबरून मराठी करत बसू नका, पाठ करा. आणि "हे तर मद्राशी नृत्य, आपण मराठी लोक लावणी सोडून इकडे कुठे" असं कोणी काका म्हणाले (माझे म्हणाले) तर त्यांना जरा इतिहास ऐकवा. तंजावरला व्यंकोजीराजांपासून पावणेदोनशे वर्षं भोसल्यांचं राज्य होतं. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलु हे चार भाऊ सरफोजी राजांच्या दरबाराशी जोडलेले, आणि अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा जो कार्यक्रमाचा क्रम आपण आज शिकतो तो घडवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. सरफोजींच्या नावावर तर नाचायच्या मराठी रचना पण आहेत, निरूपणं म्हणतात त्यांना.

आणि बडोद्यात हे कसं आलं? लग्नातून! १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी झालं, त्या पहिल्या चिमणाबाई, आणि त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक मंडळी इथे आली, गौरा आणि कांतिमती ही दोन नावं सगळे सांगतात. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथे युनिव्हर्सिटीत शिकवायचे. म्हणजे मद्रासकडे सदिर या नावाला (भरतनाट्यमचं जुनं नाव) नाकं मुरडली जात होती, आणि १९३० च्या दशकात भरतनाट्यम् हे नाव रुजायला लागलं, त्याच्या कितीतरी आधी लक्ष्मी विलास राजवाड्यात हे नाचलं जायचं. काका गप्प बसले. (मग म्हणाले, पण पगार किती मिळतो.)

पगाराचं पण सांगते. नुसत्या कार्यक्रमांवर घर चालवणारे मी फार थोडे बघितले, बहुतेक जण शिकवतात. दोन रस्ते आहेत. एक, सूरसागरजवळच्या परफॉर्मिंग आर्ट्सच्या फॅकल्टीत डिग्री करा, शाळेत नोकरी किंवा पुढे रिसर्च करायचा असेल तर हेच बरं. दुसरा, माझ्यासारखं नोकरी सांभाळून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. यात थिअरीला हलकं घेऊ नका, मी घेतलं आणि मधल्या, मध्यमा परीक्षेला तोंडावर पडले. अभिनयदर्पण या जुन्या ग्रंथातल्या अठ्ठावीस असंयुत हस्तांचे (एका हाताच्या मुद्रा) श्लोक आणि प्रत्येकाचे विनियोग, म्हणजे ती कुठे वापरायची, तोंडपाठ लागतात, पताका झाला, त्रिपताका झाला, परीक्षकांनी मधूनच विचारलं की मयूर कुठे कुठे वापरतात तर गाडी अडकते. मी आईला भाजी निवडताना पुस्तक धरून बसवायचे, तिला आता माझ्यापेक्षा जास्त येतात.

अरंगेत्रम्ची, म्हणजे रंगमंचावरच्या पहिल्या पूर्ण एकल कार्यक्रमाची, घाई मात्र करू नका प्लीज. दोन वर्षांत अरंगेत्रम् करून देतो म्हणणारे असतात. त्यात हॉल, लाइट, मेकअप, गायक, मृदंग, व्हायोलिन, ड्रेस, आणि आपल्याकडे पाहुण्यांचं जेवण पण, खर्च लग्नाच्या वाटेने जातो. एकटं वर्णमच अर्धा-पाऊण तास चालतं, त्यात एकदा जोरदार जति (बोलांवर नाचायचा वेगवान तुकडा) आणि लगेच पुढच्या ओळीला चेहऱ्यावर विरह, तिथे दम लागलेला असला तर नायिका विरहिणी नाही, दमेकरी दिसते. माझं सहाव्या वर्षी झालं आणि तरी तिल्लानात एक कोर्वै (स्टेप्सची गुंफलेली माळ) चुकली, मृदंगवाल्या दादांनी सांभाळून घेतलं.

काय लागतं सुरुवातीला? सुती प्रॅक्टिस साडी किंवा पंजाबी ड्रेसवर घट्ट बांधलेली ओढणी, पाण्याची बाटली, एक वही. घुंगरू लगेच घेऊ नका, टीचर सांगतील तेव्हाच.

आणि एक, जॉइन व्हायचं तर दसऱ्यानंतर व्हा. नवरात्रात क्लास बंदच असतो, सगळे रात्री दोनपर्यंत ग्राउंडवर, मग परत आलो की अख्खी बॅच अडवू करताना झुलत असते आणि टीचर आठवडाभर सगळ्यांना, विशारद झालेल्यांना पण, तट्टडवू एकपासून करायला लावतात. तेव्हा नवीन माणूस अजिबात वेगळा दिसत नाही.