थंडीत लाहौलला ईव्ही नेताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून ईव्ही घेऊन मनालीच्या वर जाणारे आता बरेच भेटतात. आनंद वाटतो. पण चूक तीच: संध्याकाळी लाहौलमधल्या केलाँगला पोचायचं, पंधरा-वीस टक्के बॅटरी उरलेली गाडी अंगणात लावायची आणि ‘सकाळी बघू’ म्हणून झोपायचं.

नोव्हेंबरात असंच एक कुटुंब भेटलं. रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला होता. सकाळी प्लग लावला, तर आकडा हलेना. गृहस्थ कधी होमस्टेवाल्यावर चिडायचे, कधी केबल काढून पुन्हा खोचायचे. गाडीत बिघाड नव्हताच. बॅटरीच्या इतक्या थंड सेलमध्ये करंट ढकलला तर आत लिथियम धातूचा थर साचतो आणि सेल कायमचा खराब होतो, म्हणून गाडीच करंट अडवते. त्यात पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर मिळणार जेमतेम तीन किलोवॅट. ऊन चढल्यावर चार्जिंग सुरू झालं, तोवर दिवस हातचा गेला होता. मी पोचल्या पोचल्या, चहाच्याही आधी, प्लग लावतो. चालून आलेली बॅटरी तेव्हा ऊबदार असते. ही पाच मिनिटंही ज्यांना जड जातात, त्यांनी थंडीत वर येऊ नये.

दुसरी चूक मला जास्त लागते. लाईट नाही म्हणून डिझेल जनरेटरवर चार्जिंग! लिटरभर डिझेलमागे जनरेटर साधारण तीन युनिटं देतो. थंडीत हीटर धरून युनिटला पाच किलोमीटर मिळाले, तर लिटरला पंधराच झाले. मग डिझेल गाडीनं काय घोडं मारलं होतं? शिवाय धूर गावात. हिमाचलची स्वतःची वीज बहुतेक पाण्यावरची. हिवाळ्यात नद्या आटल्या की बाहेरून घ्यावी लागते, तरी जनरेटरपेक्षा तीच बरी. बुकिंग करतानाच विचारा, चार्जिंग लाईनवर की जनरेटरवर? लाईट येईपर्यंत थांबायची तयारी नसेल, तर ‘आमची गाडी प्रदूषण करत नाही’ असं म्हणू नका.

हीटर किलोमीटर नाही, तास मोजतो. बर्फामुळे अटल बोगद्याअलीकडे रांग लागली की गाडी जागेवर उभी राहून बॅटरी खाते. जॅकेट अंगावरच ठेवा, सीट हीटर असेल तर तो वापरा.

टायरची हवा थंडीत उतरते, सकाळी तपासा.

आणि शंभर टक्के भरलेली थंड बॅटरी रीजन, म्हणजे गाडी मंदावताना परत मिळणारी वीज, जवळजवळ घेत नाही. पेडल सोडल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही, हे बर्फाळ वळणावर कळून उपयोग नाही. सकाळीच घाट उतरायचा असेल, तर मी नव्वदला चार्जिंग थांबवतो आणि पहिल्या सरळ पट्ट्यावरच ब्रेक दाबून बघतो.