कॅन्सरमुळे झालेलं फोरआर्म फ्रॅक्चर: कोडिंगमधल्या या चुका टाळा

चार्टमध्ये ‘बाथरूममध्ये घसरून पडल्या, डाव्या रेडियसला फ्रॅक्चर’ असं दिसलं की कोडरचा (निदानांना कोड देणाऱ्याचा) हात आपसूक एस५२ कडे, म्हणजे अपघाती फोरआर्म फ्रॅक्चरच्या गटाकडे, जातो. विम्याचा क्लेम तिथेच बिघडतो. हाड आतून मेटास्टॅसिसने (दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरने) पोखरलेलं असेल आणि निरोगी हाड ज्या धक्क्याने मोडलं नसतं त्याने ते मोडलं असेल, तर पडणं हे नुसतं निमित्त; फ्रॅक्चर पॅथॉलॉजिकल, म्हणजे आजारामुळे झालेलं. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी निदान-कोडांच्या यादीत अशा फ्रॅक्चरची जागा एम८४.५ मध्ये आहे. अल्ना आणि रेडियस या फोरआर्मच्या दोन हाडांसाठी त्यातला एम८४.५३ हा उपगट.

उलटी चूकही तितकीच होते. कॅन्सरचा पेशंट अपघातात सापडला आणि मोडलेल्या जागी गाठ नाही, तर ते एस५२ च. ऑस्टिओपोरोसिसमुळे (हाडं ठिसूळ झाल्याने) मोडलं असेल तर एम८०. एक्स-रेवरची भेग तिन्हींत सारखीच दिसू शकते, त्यामुळे कोड ठरतो तो डॉक्टरांनी लिहिलेल्या कारणावरून. ‘लिटिक लीजन’ (हाड झिजलेला भाग) एवढ्या शब्दांवर कोडरने स्वतःच मेटास्टॅसिस ठरवू नये.

नोंदीत कारण नसेल तर

डॉक्टरांना सरळ क्वेरी (खुलाशाचा प्रश्न) पाठवा, पण उत्तर सुचवू नका. ‘हे मेटास्टॅटिक फ्रॅक्चर आहे ना?’ ही क्वेरी ऑडिटमध्ये टिकत नाही. चार्टमधले पुरावे आधी मांडा (एक्स-रेचा निष्कर्ष, पडण्याचं वर्णन, कॅन्सरचं निदान) आणि मग विचारा: ‘डाव्या रेडियसच्या फ्रॅक्चरचं कारण नोंदवावं: ट्रॉमा, हाडातल्या मेटास्टॅसिसमुळे पॅथॉलॉजिकल, ऑस्टिओपोरोसिसमुळे पॅथॉलॉजिकल, इतर, सांगता येत नाही.’

‘प्रोबेबल’, ‘सस्पेक्टेड’ या शब्दांचं वजन ओपीडीत आणि अ‍ॅडमिशनमध्ये वेगळं असतं. ओपीडीत संशयाचं निदान कोड करायचं नाही. डॉक्टरांनी पॅथॉलॉजिकल म्हटलंय पण बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय, तर तूर्त एम८४.४३ (पॅथॉलॉजिकल, पण कारण न ठरलेलं). अ‍ॅडमिट पेशंटच्या डिस्चार्ज समरीत मात्र ‘प्रोबेबल’ राहिलं असेल, तर ते निदान पक्कं धरूनच कोड होतं.

सहावा आकडा नीट वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे, आणि त्या निव्वळ सवयीच्या. एस५२ मध्ये शेवटचा १ म्हणजे उजवा आणि २ म्हणजे डावा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एम८४.५३ मध्ये त्याच आकड्यात हाडही भरलंय: १ उजवी अल्ना, २ डावी अल्ना, ३ उजवा रेडियस, ४ डावा रेडियस, ९ अनिर्दिष्ट. डाव्या रेडियसला ५३२ लावलं की सॉफ्टवेअर काही बोलत नाही, कारण कोड वैध असतो. फक्त हाड बदललेलं असतं. विषम उजवा, सम डावा; १-२ अल्ना, ३-४ रेडियस, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. दोन्ही हाडं मोडली असतील तर दोन कोड लावा.

मध्ये एक्स (रिकामं स्थान भरणारं अक्षर) घुसडू नका. एम८४.५३४ मध्ये सहा स्थानं आधीच भरलेली आहेत, सातवं थेट लागतं: एम८४.५३४ए. एक्स लागतो तो एम८४.५८ सारख्या पाच स्थानांच्या कोडला. आणि नोंदीत नुसतं ‘रिस्ट फ्रॅक्चर’ असेल तर डिस्टल रेडियस (रेडियसचं मनगटाकडचं टोक) की कार्पल (मनगटातलं) हाड, हे विचारून घ्या.

सातवं स्थान

‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे. फ्रॅक्चरवर सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ‘ए’. डॉक्टर किंवा हॉस्पिटल बदललं तरी फरक पडत नाही. प्लेटिंग (हाडाला प्लेट बसवणं) झाल्यावर टाके, प्लास्टर, तपासणीचा एक्स-रे यांसाठी आलेल्या भेटींना ‘डी’. हाड उशिरा जुळतंय असं डॉक्टरांनी लिहिलं तर ‘जी’, नॉनयुनियनला (हाड न जुळणं) ‘के’, मालयुनियनला (वाकडं जुळणं) ‘पी’. नॉनयुनियनसाठी पुन्हा ऑपरेशन झालं म्हणून ‘ए’वर परत जायचं नाही, तिथे ‘के’च. एस५२ मधली उघड्या फ्रॅक्चरची अक्षरं इथे नाहीतच.

क्रम आणि सोबतचा कोड

एम८४.५ एकटा पाठवला तर क्लेम अर्धवट, मूळ ट्यूमरचा कोड सोबत हवाच. पुढे कोणता, हे उपचाराचा रोख ठरवतो. हाड बसवायला अ‍ॅडमिट केलं तर एम८४.५ आधी, कॅन्सरवरच उपचार चालू असतील तर कॅन्सरचा कोड आधी. फक्त रेडिओथेरपीसाठी आले असतील तर झेड५१.० पहिला.

समजा नोंद अशी आहे: ‘डाव्या रेडियसच्या शाफ्टमध्ये पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर, डाव्या स्तनाच्या कॅन्सरच्या हाडातील मेटास्टॅसिसमुळे, आज प्लेटिंग.’ कोड: एम८४.५३४ए, मग सी७९.५१ (हाडातला मेटास्टॅसिस), मग स्तनाचा सी५०. सी७९.५१ ला बाजू नाही, कोणतं हाड तेही कळत नाही. म्हणूनच वरचा ५३४ चुकला तर तो सावरायला दुसरा कोड नसतो. स्तनाची गाठ काढून तिच्यावरचे सगळे उपचार संपले असतील तर सी५० ऐवजी झेड८५.३ (पूर्वी झालेला स्तनाचा कॅन्सर) येतो, सी७९.५१ मात्र राहतो. नोंदीतला ‘हिस्टरी ऑफ’ हा शब्द फसवा आहे: पुष्कळ डॉक्टर चालू कॅन्सरलाही तेच लिहितात. औषधांची यादी पाहा आणि शंका असेल तर विचारा.

मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या कॅन्सरच्या) लिटिक लीजनला सी७९.५१ लावणं ही ठरलेली चूक. तो सी९०.० मध्ये जातो, रेमिशन (आजार शमणं) आणि रिलॅप्स (पुन्हा उलटणं) यांप्रमाणे पाचव्या आकड्यासह. हाडातली साधी सिस्ट किंवा अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्ट ट्यूमरच्या गटात बसत नाही, तिथे फ्रॅक्चर एम८४.६३ मध्ये (इतर आजारांमुळे झालेलं). इथेही ३ आणि ४ म्हणजे रेडियस, ही त्यातल्या त्यात सोय.

न मोडलेलं आणि जुळून गेलेलं हाड

‘इम्पेंडिंग फ्रॅक्चर’ (मोडण्याच्या बेतात) लिहून आधीच प्लेट बसवली असेल तर एम८४.५ लावू नका, हाड मोडलेलंच नाही. निदान सी७९.५१ आणि मूळ कॅन्सर. प्रोसिजर सीपीटी या प्रोसिजर-कोडांच्या यादीतली प्रतिबंधात्मक: रेडियसला २५४९०, अल्नाला २५४९१, दोन्हींना २५४९२. इथे फ्रॅक्चर फिक्सेशनचा कोड गेला तर निदान आणि प्रोसिजर एकमेकांशी भांडतात आणि क्लेम परत येतो. उलट फ्रॅक्चर कधीच जुळलंय आणि आजच्या भेटीत त्यावर काहीच केलेलं नाही, तर झेड८७.३११ (पूर्वी होऊन जुळलेलं पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर).