उतरवून घेतलेली वही

आमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला आम्ही सहा जण हायस्कूलला निघालो. देवगड तालुक्यातच, पण एसटीने पाऊण तास. वाडीच्या शाळेत गुरुजींना आमची म्हैस कधी व्यायली हेसुद्धा माहीत असायचं. इथे एका तुकडीत बावन्न मुलं आणि तास संपला की नवे सर. पहिला महिनाभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. वाडीच्या शाळेतून यंदा आठवीला हायस्कूलला निघालेल्या मुलामुलींनो, तुमचंही तसं होईल. दिवाळीपर्यंत ते जातं, खरंच जातं.

पासाचं टेन्शन घेऊ नका. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटी फुकट आहे, मुलांना साधारण एक तृतीयांशच भाडं पडतं. डबा, दप्तर, रेनकोट यांचं तुमचं तुम्हाला कळेल. मला सांगायचंय ते वहीबद्दल.

आठवीच्या ऑगस्टमध्ये मोरीवरून पाणी गेलं आणि चार दिवस गाडी आली नाही. लगेच मला ताप आला. त्यानंतर गणपतीची सुट्टी. मी परत वर्गात बसले तेव्हा गणिताचं ‘विस्तार सूत्रे’ हे प्रकरण शिकवून संपलं होतं. मी मैत्रिणीची वही मागितली आणि दोन रात्रींत सगळं उतरवलं. निळ्या पेनाने गणितं, लाल पेनाने चौकटी. सरांनी तपासून सही केली. बाबांनी पाहिली, खूश झाले. मलाही वाटलं, चला, बुडालेलं भरून निघालं.

काहीही भरून निघालं नव्हतं. उतरवताना डोळा आणि हात चालतात, डोकं गप्प बसलेलं असतं. पण वही पूर्ण दिसते ना, मग कोणालाच शंका येत नाही, आपल्याला स्वतःलासुद्धा नाही. कोरी वही निदान खरं तरी सांगते.

नववीत ‘बहुपदी’ आलं आणि मी आडवी झाले. पहिल्या सत्रात बीजगणिताला ४० पैकी ११. मला वाटलं, माझं डोकंच गणिताचं नाही. हे वाक्य मी स्वतःला ऐकवत राहिले आणि ते चूक होतं. बहुपदीचे अवयव पाडायला आठवीची विस्तार सूत्रं लागतात, आणि पुढे दहावीच्या वर्गसमीकरणांना हे दोन्ही लागतं. माझी पायरी आठवीतच निखळली होती आणि मी वरच्या पायरीवर पाय आपटत बसले होते.

नेमकी चूक सांगते, कारण ती तुमच्यातल्या बऱ्याच जणांची होणार आहे. अ अधिक ब, कंसाचा वर्ग. मी लिहायचे अ वर्ग अधिक ब वर्ग, संपलं. मधलं ‘दोन अब’ पाठ केलं तरी पेपरात निसटायचं, कारण ते येतं कुठून हेच ठाऊक नव्हतं. मला ते आमच्या खळ्यात कळलं. समजा, खळं सात हात लांब आणि सात हात रुंद आहे. ते दोन बाजूंनी तीन-तीन हात वाढवलं तर दहा बाय दहा होईल, म्हणजे १०० चौरस हात. माझ्या पद्धतीने सातचा वर्ग ४९, तीनचा वर्ग ९, बेरीज ५८. मग उरलेले ४२ गेले कुठे? जुन्या खळ्याच्या दोन कडांना सात बाय तीनच्या दोन पट्ट्या असतात, २१ आणि २१. तेच ते ‘दोन अब’. मी शेणाने सारवलेल्या जमिनीवर काडीने रेघा मारल्या आणि त्यानंतर ते कधी विसरले नाही.

हे मला दाखवलं आमच्या वाडीच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी, दिवाळीच्या सुट्टीत. मी जायला तयार नव्हते. नववीतली मुलगी आठवीचं विचारायला कशी जाणार? आई म्हणाली, “विचारूक लाज कसली गो? त्येंका नाय विचारूचा तर कोणाक विचारूचा?” माझं ठाम मत आहे, गणपतीत मुंबईहून येऊन “कोडिंग शीक” असा सल्ला देणाऱ्या दादापेक्षा तुमची वही उघडून चुकलेल्या ओळीवर बोट ठेवणारं माणूस शंभर पटींनी मोलाचं. तालुक्याचा क्लासही लगेच लावू नका, जाऊन-येऊन दोन तास गाडीत जातात. आणि गाईड म्हणजे छापून आलेली मैत्रिणीची वहीच.

दिवस बुडणारच. लावणीला घरी थांबावं लागेल, पाणी भरेल, गाडी चुकेल. त्यात तुमचा दोष नाही. वही उतरवा, जरूर उतरवा. पण मग ती मिटा, कोरा कागद घ्या आणि त्यातलं एक गणित न बघता सोडवा. अडकाल त्या ओळीला पेन्सिलीने गोल करा आणि आठ दिवसांच्या आत विचारा. “सर, मला काही समजलं नाही” असं म्हणू नका, त्यावर सर सगळं पुन्हा भरभर सांगतात. “तिसऱ्या ओळीत हे वजा कुठून आलं?” असं विचारा.

आमच्या कोकण बोर्डाचा दहावीचा निकाल राज्यात पहिला असतो, २०२५ ला माझ्या बॅचचा ९८.८२ टक्के लागला. त्यामुळे नापास व्हाल ही भीती मी घालत नाही. धोका वेगळा आहे. गणितात पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात आणि त्या १०० मधले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. एवढ्यावर कच्चं गणितही तरून जातं. पुढे दहावीनंतर माझ्यासारखं डिप्लोमाला आल्यावर ते उघडं पडतं. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत, हुशार आहेत आणि रडतात.

आणखी एक. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, सातवीला ५५ टक्के असतील आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर बसाच. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती हुशार मुलांची परीक्षा म्हणून मी फॉर्मच भरला नाही. अजून जीव हळहळतो. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला सांगा.

माझा धाकटा भाऊ यंदा आठवीला गेला. गेल्या आठवड्यात पावसाने दोन दिवस घरी होता. काल रात्री त्याने वही उतरवून माझ्यासमोर धरली, अक्षर माझ्यापेक्षा सुंदर. मी ती मिटली आणि त्याला पाठकोरा कागद दिला. दुसऱ्याच ओळीला अडकला, रागावला, मग स्वतःच पेन्सिलीने गोल केला. सोमवारी पहिल्या तासाला विचारणार आहे.