सिंथची बैठक कशी भरवावी: बडोद्यातल्या अनुभवावरून

सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याचा, नाद लागलेला माणूस बहुतेक वेळ घरात एकटा, कानाला हेडफोन लावून बसलेला असतो. दुसऱ्याचं यंत्र त्याला फक्त व्हिडिओत दिसतं. आवाज ऐकू येतो, पण नॉब किती जड फिरतो, पट्टी (की) दाबल्यावर बोटाला काय लागतं, हे पाहून कळत नाही. म्हणून आम्ही काहीजण अधूनमधून आपापली यंत्रं घेऊन दांडिया बाजारातल्या एका हॉलमध्ये जमतो. स्टेज नसतं, कार्यक्रम नसतो. टेबलं असतात, आणि आलेला कुणीही कुठल्याही यंत्राला हात लावू शकतो. आपलं पोटाला चिमटा काढून घेतलेलं यंत्र अनोळखी हातात देताना मालकाला धास्ती वाटू नये, सगळी तयारी त्यासाठीच करायची.

तारीख आणि जागा

गणपतीपासून दिवाळीपर्यंत बैठक ठेवू नका. बडोद्यात नवरात्राच्या गरब्यात ज्यांचे की-बोर्ड आणि ऑक्टापॅड वाजतात, तीच मंडळी तुम्हाला हवी आहेत आणि त्या दिवसांत ती सापडणार नाहीत. 14-15 जानेवारीला उत्तरायण, तेव्हा सगळं शहर गच्चीवर असतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं यंत्र भाजून निघतं. जानेवारीअखेर ते मार्च, रविवारी दुपारी चार ते आठ ही वेळ आम्हाला मानवली. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे लवकर सुरू करून लवकर आवरलेलं बरं.

हॉल मोठा नसला तरी चालेल, प्लग मात्र तीन पिनांचे आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं हवं. बुकिंग करण्याआधी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन जा आणि टेस्टरनं तपासून घ्या. फोल्डिंग टेबलं मंडपवाल्याकडे मिळतात.

कुणाला बोलवायचं

फक्त सिंथवाल्यांना बोलावलंत तर तेच पाच चेहरे दिसतील. गरबा ऑर्केस्ट्रातला की-बोर्डवाला, भजनी मंडळातले पेटीवाले आजोबा, संगीत शिकणारी पोरं, सगळ्यांना सांगा. मौलाबक्षांनी 1886 साली सयाजीरावांच्या आश्रयानं जी संगीतशाळा सुरू केली, तीच आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. तिथली मुलं कान तयार असलेली असतात आणि प्रश्न नेमके विचारतात.

घरातली मोठी माणसं कधी म्हणतात, हे बाहेरचं खूळ कशाला? त्यांना शेजारच्या अहमदाबादची गोष्ट सांगा. 1969 मध्ये तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीच्या सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशी भारतीय मंडळी त्यावर काम करत होती. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, आपल्यापासून रेल्वेनं दोन तासांच्या आत. हे ऐकल्यावर आमच्याकडच्या एक काकू दुसऱ्या वेळी स्वतःहून आल्या.

आठवडाभर आधी यादी

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येकाकडून चार गोष्टी लिहून घ्या: यंत्राचं नाव, अडॅप्टरचे व्होल्ट आणि अँपिअर, आउटपुटचा जॅक मोठा की छोटा, मिडी (यंत्रांनी एकमेकांना स्वर आणि लय कळवायची सोय) आहे का आणि कुठल्या सॉकेटची. माणशी दोन यंत्रं पुरे. तिसरं आलं की टेबलावर गर्दी होते आणि कुणीच धड काही ऐकत नाही.

वीज: इथे घाई नको

आमच्या दुसऱ्याच बैठकीत एका मित्राचं छोटं ड्रम मशीन गेलं. दोन अडॅप्टर शेजारी पडले होते, दोन्ही 9 व्होल्टचे, दोन्ही काळे, पिनही सारखीच. मी हाताला आला तो लावला. मशीनचा दिवा एकदा लागला आणि विझला, तो पुन्हा लागलाच नाही. एक अडॅप्टर गिटारच्या पेडलचा होता.

अडॅप्टरच्या लेबलवर एक छोटं चित्र असतं: मधे ठिपका, भोवती अर्धवट गोल, दोन्हींकडून निघालेल्या रेघा आणि टोकाला अधिक-उणेची चिन्हं. ठिपक्याची रेघ अधिकाकडे गेली असेल तर पिनचा मध्य धन. कॉर्ग कंपनीच्या व्होल्का या छोट्या यंत्रांच्या मालिकेला असाच मध्य-धन अडॅप्टर लागतो. गिटारच्या बहुतेक पेडलना नेमका उलटा, मध्य-ऋण लागतो. तेच चित्र यंत्राच्या सॉकेटपाशीही छापलेलं असतं. दोन्ही जुळली पाहिजेत. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर मात्र अडॅप्टरवर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. काही जुन्या यंत्रांना डीसी नाही तर एसी देणारा अडॅप्टर लागतो, तेही लेबलवर वाचा. अमेरिकेहून किंवा जपानहून आणलेलं जुनं यंत्र सरळ आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये खुपसू नका. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक अडॅप्टरच्या दोन्ही टोकांना मालकाच्या रंगाची टेप असते, तोच रंग यंत्राच्या मागे. निळ्याला निळा. अडॅप्टर लावतो तो मालकच, दुसरं कुणी नाही.

सगळ्या टेबलांची वीज शक्यतो एकाच बोर्डावरून घ्या. वेगवेगळ्या बोर्डांवरून घेतली की स्पीकरमधून "हूंऽऽ" असा घरघराट येऊ शकतो. लॅपटॉप जोडल्यावर आला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बहुतेकदा तिथेच थांबतो. तरी राहिला तर ग्राउंड-लिफ्ट (आवाजाच्या तारेतली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे यंत्र आणि मिक्सर यांच्यामधली छोटी डबी, मधे घाला. अर्थिंगची पिन कापून घरघर बंद करणारे लोक भेटतील. त्यांना तिथल्या तिथे थांबवा, त्यात जीव जाऊ शकतो.

आवाज

स्पीकर एकाच टेबलाला, बाकी सगळीकडे हेडफोन, सोबत स्प्लिटर म्हणजे दोघांना एकदम ऐकता येतं. सहा स्पीकर एकाच खोलीत लागले की कोलाहल होतो. मिक्सर आणि स्पीकर सुरू करताना स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर आधी.

खरे अ‍ॅनलॉग ऑसिलेटर (मूळ स्वर काढणारा भाग) असलेली यंत्रं वीसेक मिनिटं आधी सुरू करून ठेवा. तापेपर्यंत त्यांचा स्वर सरकत राहतो. मग ट्यून करा.

यंत्रं एकत्र चालवायची असतील तर

भजनात लय एकानं धरायची असते, इथेही तसंच. एकच यंत्र मुख्य घड्याळ, बाकी सगळ्यांना "एक्स्टर्नल" वर ठेवा. मिडीची तार मुख्य यंत्राच्या आउटमधून दुसऱ्याच्या इनमध्ये, तिथून थ्रू (आलेलं तसंच पुढे पाठवणारं सॉकेट) असेल तर पुढे. मिडीत सोळा चॅनल आहेत, प्रत्येक यंत्राला वेगळा द्या, नाहीतर एक की दाबली की चार यंत्रं एकदम ओरडतात.

दोन ठिकाणी हमखास अडतं. मिडी घड्याळ एका मात्रेला 24 ठोके पाठवतं, तर व्होल्कासारख्या यंत्रांचा साधा सिंक (लय जुळवणारा ठोका) मात्रेला दोनच. लय अचानक भलतीच पळायला लागली तर सेटिंगमध्ये हाच आकडा बघा. दुसरं म्हणजे छोट्या जॅकचं मिडी. त्यात टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार आहेत, बाहेरून ओळखू येत नाहीत. 2018 मध्ये टाइप ए प्रमाण ठरला, पण त्याआधीची बी यंत्रं अजून पुष्कळ आहेत. दोन्ही तारा पिशवीत ठेवा.

हात लावू देणं

मालकानं यंत्र मांडल्यावर पहिलं काम, सगळ्या नॉबचा फोटो. मेमरी नसलेल्या यंत्रावर आपला आवाज पुन्हा जुळवायला तोच एक आधार असतो. मेमरी असेल तर महत्त्वाचे पॅच (साठवलेले आवाज) घरून लॅपटॉपवर उतरवून या. मग एक अगदी साधा आवाज लावा आणि बाजूला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी ठेवा: "ही की दाबून धरा, हा नॉब सावकाश फिरवा." नवख्या माणसाला चाळीस नॉब दाखवले की तो हात मागे घेतो, एक दाखवला की बसतो.

गेल्या वेळी पेटीवाले आजोबा असेच फिल्टरच्या कटऑफपाशी बसले. नॉब डावीकडे नेत नेत म्हणाले, "अरे, हा 'आ' म्हणता म्हणता 'ऊ'वर आला!" फिल्टर काय करतो हे मी त्याआधी दहा वेळा तांत्रिक शब्दांत समजावलं असेल, पण इतकं स्वच्छ कधी सांगता आलं नव्हतं. वरचे नाद कापले जातात आणि तोंड मिटल्यासारखा आवाज होतो. मग त्यांनी विचारलं, "दरबारीचा गंधार थोडा उतरवता येईल का यात? पेटीत जन्मभर जमला नाही." ते कॉर्गचं मिनिलॉग एक्सडी होतं, त्यात प्रत्येक स्वर वेगळा सरकवता येतो. यंत्राच्या मालकिणीनं, कॉलेजातल्या मुलीनं, मेनू उघडला आणि कोमल गंधार पाच-पाच सेंटांनी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली नेत गेली. आजोबा डोळे मिटून ऐकत होते, मग एकदम हात वर करून म्हणाले, "थांब बेटा. हा." अर्धा तास त्या टेबलावरून दोघं उठले नाहीत. रांग लागली होती, पण त्यांना उठवावं असं कुणालाच वाटलं नाही.

एरवी माणशी दहा मिनिटं ठीक. खाणं मात्र हॉलच्या बाहेर. सेव-उसळीची तर्री लागलेली बोटं फेडरवर (सरकवायच्या बटणावर) गेली की ते तेल आतून निघत नाही.

आवरताना

साडेसातला वाजवणं थांबवा. यंत्रं ज्याची त्यानं गुंडाळायची, तारा पीळ न देता गोल करायच्या. पावसाळा जवळ असेल तर पिशवीत सिलिका जेलची पुडी. कुणी यंत्र पंधरा दिवसांसाठी दुसऱ्याला घरी देणार असेल तर सिरियल नंबर, फोटो आणि परतीची तारीख ग्रुपवर टाका, जिवलग मित्र असला तरी. आणि यादी हातात घेऊन प्रत्येक यंत्रामागे त्याचा अडॅप्टर, त्याच रंगाच्या टेपचा, पिशवीत गेल्याचं बघून टिक करा. हॉलची किल्ली त्यानंतरच परत द्या.