घरचं डिओडरंट करताय? काखेत आग होत असेल तर आधी खाण्याचा सोडा बघा

खोबरेल तेल, आरारूट आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात घ्या, कालवा, झालं. ही कृती सर्रास सांगितली जाते. सुरुवातीला बरं वाटतं, मग काख लाल होते, खाजते, पुढे काळवंडते. त्यावर 'शरीरातली घाण बाहेर पडतेय, थोडं सोसा' असा सल्ला मिळतो. कृपा करून सोसू नका. घाण वगैरे काही बाहेर पडत नसते, त्वचेला इजा होत असते. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लता मोजायचं माप; 7 च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण 5. सोड्याचा 8 च्या पुढे. नुकतेच केस काढलेल्या जागी सोडा चोळला तर आग होणारच.

समप्रमाणाचा नाद सोडा. 2 मोठे चमचे आरारूट घेतलंत तर सोडा पाव छोटा चमचा पुरे, तोही वस्त्रगाळ केलेला. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा. पुरळ उठली तर लावणं थांबवा. ती बरी झाल्यावर नवी डबी सोड्याशिवाय करा, त्याजागी थोडं झिंक ऑक्साइड चालतं. पुरळ जातच नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रमाण बरोबर असूनही डबी संपत आली की आग होते? तळाशी बोट फिरवून बघा, रवाळ लागेल. तो सोडाच. सोडा तेलात विरघळत नाही आणि खोबरेल 24-25 अंशांना पातळ होतं. म्हणजे आपल्याकडे वर्षातले बरेच महिने डबीत तेल वर, सोडा खाली. ते टाळायला 3 मोठे चमचे तेलाला 1 मोठा चमचा किसलेलं मधमाशीचं मेण घाला. उकळत्या पाण्यात वाटी ठेवून वितळवा, खाली उतरवा, आणि कडेने घट्ट व्हायला लागलं की मगच आरारूट, सोडा ही पिठं घालून गार होईपर्यंत ढवळत राहा. गरम तेलात घातली तर पुन्हा तळाशीच बसतील.

लिंबाचा रस नको. सोड्याशी गाठ पडली की फसफसून दोघांचाही जोर जातो, वर त्वचा झोंबते. गुलाबपाणी, कोरफडीचा गर हेही नको. पाणी आलं की बुरशी आली. सुगंधी तेल 50 ग्रॅमला 8-10 थेंबच, लवंग-दालचिनीचं तर अजिबात नको. घाम रोखणाऱ्या विकतच्या डिओडरंटमधलं ॲल्युमिनियम टाळायचं म्हणून तुरटी वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे.

आणि यानं घाम थांबणार नाही. ताज्या घामाला जवळपास वास नसतो, काखेतले जिवाणू तो फोडतात तेव्हा वास येतो. म्हणून काख धुऊन, नीट कोरडी करून मगच लावा, तेही वाटाण्याएवढंच. जास्त लावलं तर ब्लाउज-शर्टाला तेलकट डाग पडतात. पडलाच डाग, तर सुती कापडावर कोरडं असतानाच भांडी घासायचं लिक्विड चोळा, दहा मिनिटं ठेवा, मग धुवा.