गरोदरपणात लघवीत प्रोटीन आलंय? या चुका टाळा

रिपोर्टवर 'अल्ब्युमिन +' (अल्ब्युमिन हा प्रोटीनचाच एक प्रकार) दिसलं की घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर सगळ्यांची झोप उडते, नाहीतर 'होतं असं या दिवसांत' म्हणून कागद फाईलमध्ये जातो. दोन्ही चूक. भीती असते ती प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे २० आठवड्यांनंतर बीपी वाढून किडनी, लिव्हरवर परिणाम करणाऱ्या गरोदरपणातल्या आजाराची. पण नुसत्या त्या अधिक चिन्हावरून काही ठरत नाही. त्या दिवशी बीपी किती होतं, कितवा आठवडा चालू आहे आणि नमुना कसा घेतला होता, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

नमुन्यातच निम्मा घोळ

विरारहून किंवा कल्याणहून लोकलने परळपर्यंत यायचं, वाटेत धड स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून कितीतरी जणी पाणीच न पिता घरातून निघतात. त्यात ऑक्टोबरचा उकाडा. रुग्णालयात पोहोचेपर्यंत लघवी गडद पिवळी झालेली असते आणि अशा लघवीत तपासणीची पट्टी (लघवीत बुडवली की प्रोटीनप्रमाणे रंग बदलणारी) सहज 'ट्रेस', म्हणजे अगदी किंचित, किंवा एक अधिक दाखवते. उलट, नंबर येईपर्यंत घटाघटा बाटलीभर पाणी प्यायलं, तर लघवी इतकी पातळ होते की खरोखर जाणारं प्रोटीनही पट्टीवर उमटत नाही. पाणी रोजच्याइतकंच प्या.

अंगावरून पांढरं जात असेल तर तो स्रावही नमुन्यात मिसळतो आणि प्रोटीन म्हणून मोजला जातो. आधी साध्या पाण्याने धुवा, जंतुनाशक लावू नका. सुरुवातीची धार सोडून द्या आणि मधली धार लॅबने दिलेल्या डबीत घ्या. घरातली धुतलेली औषधाची बाटली नको. लघवीला जळजळ होत असेल किंवा ताप असेल तर तसं सांगा. जंतुसंसर्गाचे उपचार झाल्यावर तपासणी पुन्हा करावी लागते.

ज्या दवाखान्यात पट्टीने तपासणी होते तिथल्यांसाठी एक आग्रहाची सूचना. मुंबईच्या पावसाळ्यात पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने पट्ट्या खराब होतात. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा. रंग बाटलीवर छापलेल्या वेळेलाच वाचा, प्रोटीनसाठी ती बहुधा ६० सेकंद असते. दुसऱ्या पेशंटचं बीपी घेऊन परत येईपर्यंत रंग बदललेला असतो.

आकडा कुठला धरायचा?

पट्टीवरचं + म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ++ म्हणजे १००, +++ म्हणजे ३००. हा अंदाज आहे. एक अधिक किंवा जास्त आलं तर डॉक्टर बहुधा लघवीतल्या प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं (किडनी लघवीतून बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) गुणोत्तर काढायला सांगतात. ते ०.३ किंवा जास्त आलं तर प्रोटीन खरोखर जातंय असं धरतात. या तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी नको, नंतरची द्या.

काही ठिकाणी २४ तासांची लघवी गोळा करायला सांगतात. त्यात ३०० मिलिग्रॅम ही सीमा. सकाळी ७ची लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ची घेऊन थांबायचं. पहिलीच कॅनमध्ये घालणं किंवा शेवटची विसरणं, ही नेहमीची चूक. एकदाही लघवी बाहेर गेली तर लपवू नका, लॅबला सांगून पुन्हा सुरू करा.

२० आठवड्यांच्या आतच प्रोटीन सापडलं तर किडनीचा जुना आजार, मधुमेह किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) आहे का, हे पाहावं लागतं.

डाळ, अंडी बंद करणं

हे सर्रास होतं आणि फार वाईट वाटतं. लघवीतून प्रोटीन जातं ते किडनीची गाळणी गळू लागल्यामुळे, ताटात डाळ जास्त झाल्यामुळे नाही. वरण, अंडं, मासे, दूध तोडलं तर आईची आणि बाळाची उपासमार होते. बिनमिठाच्या जेवणानेही प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही. जवाचं पाणी आवडत असेल तर प्या, पण त्याला उपचार समजून तपासणी पुढे ढकलू नका.

सासऱ्यांची बीपीची गोळी तर चुकूनही नको. टेल्मिसार्टनसारखी औषधं बाळाच्या किडनीला अपाय करतात. गरोदरपणात लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा अशी वेगळी औषधं वापरतात आणि ती डॉक्टरच ठरवतात.

'प्रोटीन निल' म्हणजे सुटलो?

माझ्या मते ही सगळ्यांत धोकादायक समजूत. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त झालं आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी झाल्या, लिव्हर किंवा किडनीवर परिणाम दिसला, तर लघवी स्वच्छ असूनही प्रीएक्लॅम्पसिया असू शकतो. थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, चेहऱ्यावर अचानक सूज, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, यातलं काहीही झालं की रिपोर्ट शोधत बसू नका. ते पोटदुखणं हमखास ॲसिडिटीच्या खात्यात जातं आणि रात्र अँटासिडवर काढली जाते. बीपी १६०/११० असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. १०८ची रुग्णवाहिका मोफत आहे.

बीपी मात्र नीट मोजून घ्या. स्टेशनचा पूल चढून आल्या आल्या नाही; पाच मिनिटं पाठ टेकून बसा, मग मोजा.

सातव्या-आठव्या महिन्यात पहिलटकरीण कोकणात, साताऱ्याला माहेरी जाते. हा आजार डोकं वर काढतो तो याच काळात, आणि नेमकी तेव्हाच फाईल मुंबईच्या कपाटात राहते. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, बीपीचे सगळे आकडे सोबत न्या आणि पोहोचल्याच्या आठवड्यात तिथल्या डॉक्टरांना दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी होते.

बाळंतपणानंतरही बीपी चढू शकतं, अगदी सहा आठवड्यांपर्यंत. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही म्हणून तपासणी चुकवू नका. सहा ते आठ आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासा. तेव्हाही प्रोटीन असेल तर किडनीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत हा इतिहास सांगा, कारण कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची झाली तर ती १२व्या आठवड्यापासून, शक्यतो १६व्याच्या आत सुरू करतात.