दोन रंगांची टोपी आवळू नये म्हणून
गोल सुईवर दोन रंगांची टोपी विणताना मागून जाणारा, त्या वेळी न वापरलेल्या रंगाचा धागा हमखास ताणला जातो. माझ्या नातवाची टोपी अशीच कपाळावर रुतली होती, फार वाईट वाटलं. आता मी नक्षीची बाजू आत वळवते आणि माझ्यापासून लांबच्या काठावर विणते. टाके सुलटच राहतात, पण मागचा धागा बाहेरच्या मोठ्या घेरावरून जातो आणि आपोआप सैल पडतो. रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरचे टाके पसरून घ्या. एकाच रंगाचे पाचाहून जास्त टाके असतील तर दुसरा धागा मध्ये अडकवा, पण दर फेरीत त्याच जागी नको, तिथे रंग डोकावतो. इंदूरच्या डिसेंबरातल्या पहाटे या दुहेरी धाग्यांची ऊब फार छान लागते.